बाबा, इथं नमस्कार म्हणा

"आडनाव कळलं हो. पण तुमी लोकं कोण?"

बाईनं हे फाटकाच्या आतून विचारलं. कडी लावलेलीच होती. वरच्या मजल्यावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी. माझ्या हातात दवाखान्याचं नेमणुकीचं पत्र होतं, ते मी पुढं केलं. तिनं घेतलं नाही. नोकरी कसली, एकटी राहणार का, काही विचारलं नाही. फक्त एवढंच. तुमी लोकं कोण.

मी म्हटलं, "बौद्ध."

"असं का. मंग कसं हाये, आमच्या घरी सोवळं असते. सासूबाईचं लय कडक. तुमालेच जड जाईन."

मलाच जड जाईल! म्हणजे माझ्याच काळजीपोटी तिनं मला खोली दिली नाही. वर पाणीही विचारलं, फाटकातूनच. मी नको म्हटलं आणि तहानेनं कोरड पडलेल्या घशानं पुढच्या गल्लीत गेले.

वर्ध्यातलं ते चौथं घर. माझं गाव वडनेरच्या पुढं, आतल्या रस्त्याला. नर्सिंग झाल्यावर वर्ध्याच्या एका मोठ्या दवाखान्यात सिस्टर म्हणून लागले. ड्युटी सकाळी सातची. गावातून पहिली बस धरून, हिंगणघाटला बदलून वर्ध्यात पोचायला नऊ वाजतात. खोली नाही तर नोकरी नाही, इतका सरळ हिशेब. आमच्या घरात पहिल्यांदा कुणाला तरी पगाराची नोकरी लागली होती. ती एका खोलीपायी जाणार की काय, या भीतीनं मला जेवण जात नव्हतं.

आमच्याकडे तोंडावर जात विचारणारे कमी. बहुतेकांची पद्धत वेगळी. ताकाला जायचं अन् भांडं लपवायचं. आधी गाव विचारतात. मग गावात घर कुठं, देवळाजवळ की पलीकडे. माझं आडनाव कुणब्यांत आहे, आमच्यातही आहे, तेवढ्यानं त्यांचं समाधान होत नाही. मग हळूच येतं, "मामा कोणते तुमचे?" मामाच्या आडनावात माणूस बरोबर सापडतो. हे आमच्या भागातल्या प्रत्येक घरमालकाला कुणी न शिकवता येतं.

कागदपत्रं द्यायला दवाखान्यात गेले तेव्हा वॉर्डातली एक जुनी सिस्टर म्हणाली, "तू कायले सांगत बसते वो? मामा विचारला तं म्हणजो, मामा नाई मले."

ती आमच्यातलीच. चांगल्या मनानंच सांगत होती. तिनंही असंच घर मिळवलं होतं.

पाचव्या घरी एक रिटायर्ड मास्तर आणि त्यांच्या पत्नी, सगळ्यांच्या काकू. मास्तर खुर्चीत रेलून म्हणाले, "आमी जातपात मानत नाई. फक्त माणूस आपल्यातला पाह्यजे." आणि मग, "मामा कोणते?"

"मामा नाहीत मला," मी म्हटलं.

तीन जिवंत मामा मी एका वाक्यात संपवले. थोरल्यानं मला नर्सिंगच्या पहिल्या वर्षी सायकल घेऊन दिली होती.

आडनावावरून त्यांनी मला आपल्यातलीच धरलं आणि खोली मिळाली. मागची, हवेशीर, नळ दाराशीच. काकू तर माझ्यावर खूशच. मी सिस्टर आहे हे कळल्यापासून रोज ड्युटीवरून आले की त्या बाही वर करून दारात उभ्या. "पाह्य ना वो बाई बीपी." मी त्यांचा दंड धरून पट्टा बांधायची. "तुह्या हाताले गुण हाये," असं त्या शेजारणींना सांगायच्या. संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलावलं. मी गेले. कपाळ पुढं केलं. खोलीत येऊन पुसलं आणि आरशात पाहायचं टाळलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं माझं. कुणी नुसतं 'गाव कोणतं' म्हटलं तरी मी विषय बदलायची.

मग बाबांचा फोन आला. आईनं तुरीची डाळ भरडून ठेवली आहे, घेऊन येतो, तुझी खोलीही पाहतो.

माझे बाबा हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये हमाली करत. कापसाच्या गाठी उचलून पाठ वाकली, पण मान नाही वाकली. भेटेल त्याला जयभीम घालायचे. शेठला जयभीम, कंडक्टरला जयभीम, पंगतीतल्या भटजीलाही जयभीम. समोरचा काय म्हणतो याच्याशी त्यांना कर्तव्य नसे.

अशा माणसाला मी फोनवर म्हटलं, "बाबा, इथं आल्यावर जयभीम म्हणू नका. नमस्कार म्हणा."

"काऊन वो?"

"घरमालक वेगळे आहेत."

"बरं," बाबा म्हणाले. एवढंच.

ते रविवारी आले. धुतलेला सदरा, खांद्यावर डाळीची पिशवी. मास्तर ओट्यावर बसले होते. बाबांचा हात सवयीनं वर गेला, तोंड उघडलं, आणि ते थांबले. मग हात जोडून म्हणाले, "नमस्कार." आणि माझ्याकडे पाहिलं. बरोबर म्हटलं ना, असं शाळेतलं पोर मास्तरीणबाईकडे पाहतं तसं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी गप्प राहिले. हेही लिहिलं पाहिजे. मी गप्प राहिले.

मास्तरांनी चहा मागवला. इकडतिकडचं बोलले. मग म्हणाले, "तुमाले साळे नाईत म्हणे? पोरगी सांगत होती, मामा नाई म्हणून."

नमस्काराचं सांगताना मामांचं सांगायचं माझ्या डोक्यातून निघून गेलं होतं.

बाबा हसले. "नाईत कसे? तिघं हायेत ना! थोरला मोठा गुणाचा." आणि त्यांनी थोरल्या मामाचं नाव आडनावासकट, गावासकट सांगितलं. कौतुकानं सांगितलं.

मास्तरांनी कप खाली ठेवला. दारातल्या काकू आत सरकल्या. बाबांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा उतरला. हळूच म्हणाले, "माह्याकडून चुकलं का वो काई?"

ज्या माणसानं जन्मात कुणापुढं चूक कबूल केली नव्हती, कारण केलीच नव्हती, तो आपल्या सख्ख्या मेहुण्याचं नाव घेतल्याबद्दल स्वतःच्या लेकीची माफी मागत होता. एका भाड्याच्या खोलीसाठी. त्या ओट्यावर माझ्यातलं काहीतरी तटकन तुटलं. भीतीच तुटली असावी, कारण ती नंतर मला सापडली नाही.

"नाही बाबा. माझं चुकलं," मी म्हटलं. मग मास्तरांकडे वळले. "मला तीन मामा आहेत. आम्ही बौद्ध आहोत. मी तुमच्याशी खोटं बोलले. आणि बाबा, आता यांना तुमच्या पद्धतीनं भेटा."

बाबा उठले. वाकलेली पाठ जमेल तेवढी सरळ केली. "जयभीम, मास्तरसायेब."

मास्तरांचा हात वर आला नाही.

"जातीचं मले काई नाई हो," ते म्हणाले. "पण खोटं बोलल्या तुमी, त्याचं वाईट वाटलं. पह्यलेच खरं सांगितलं असतं तं..."

"तर खोली दिली असती?"

उत्तर आतून आलं, काकूंचं. "महिना झाला का पाह्य माय दुसरीकडं."

बसस्टँडवर बाबा म्हणाले, "आपल्या लोकाच्या वस्तीत पाह्य ना वो खोली. कायले या लोकायच्या तोंडी लागते?"

"पाहीन बाबा. तिथं मला राहायला आवडेलही. पण जाईन तेव्हा माझ्या मनानं जाईन. यांनी हाकललं म्हणून नाही."

बस लागली तेव्हा बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ते चढले.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून आले. हातपाय धुते न धुते तोच दारात काकू उभ्या. बाही वर. नजर जमिनीवर. "लय गरगरून राह्यलं वो. तेवढं बीपी पाह्यतं का?"

जात मानणारा दंड माझ्यासमोर होता. मी पट्टा बांधला. बीपी वाढलेलं होतं. गोळी चुकवू नका म्हणाले, मीठ कमी करा म्हणाले. ते माझं काम आहे आणि मी ते कुणाचंही करते. मग पट्टा सोडता सोडता सांगितलं, "काकू, खोली मी सोडणार नाही. करार अकरा महिन्यांचा आहे. मास्तरांनीच केला, त्यांचीच सही आहे."

त्या बाही खाली करून निघून गेल्या. परत आल्या नाहीत.

आता ओट्यावरून माझ्याशी कुणी बोलत नाही. नळाला पाणी आलं की मीच आधी बादली लावते. पुढच्या रविवारी आई येते आहे, आणि तिचे तिन्ही भाऊ. पुढच्या दारानं येतील.

त्या लोकांनी माझा केलेला अपमान मी कदाचित विसरेन. मी माझ्या बापाचा केला, तो विसरणार नाही. या शहरात मला अजून पुष्कळ घरं शोधावी लागतील. मिळतील, नाही मिळतील. पण कोणत्याही छपरासाठी माझ्या माणसाच्या तोंडावर मी पुन्हा हात ठेवणार नाही.