दुलईवरचा डोंगर

योकोहामातल्या एका मराठी काकूंचं लग्न जपानी माणसाशी झालं होतं. त्यांच्या मराठी वाक्यांच्या शेवटी आपल्या 'ना'सारखा एक जपानी 'ने' हळूच येत असे. शिष्यवृत्तीवर आलेल्या माझ्यासारख्यांना त्या रविवारी जेवायला बोलवत, पण त्यांचा खरा जीव डोंगरात.

त्यांनी मला त्सुरुगी शिखरावर न्यायचं कबूल केलं होतं. गावच्या एसटीडी बूथवर फोन करून मी ते घरी सांगूनही टाकलं. कॉलेजात गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच. 'जमणार नाही' म्हणायची मला सवय नव्हती.

जेवणानंतर काकूंनी पांढरी दुलई जमिनीवर टाकून तिच्या घड्यांचा डोंगर केला. दुपारच्या उन्हात त्याची कड ढगांतून वर आल्यासारखी वाटू लागली. तिच्यावर त्यांनी दोन फुटाणे ठेवले.

"ही मी, हा तू. इथे कड्याला ठोकलेली साखळी धरून जायचं, खाली नुसती दरी. आता सांग, तुला भीती कुठे वाटेल?"

"नाही वाटणार, काकू."

त्यांनी माझा फुटाणा उचलला आणि शांतपणे खाऊन टाकला.

"मग तू घरीच बरा, ने. न सांगणाऱ्याला मी कशी सांभाळू?"

मी कसाबसा म्हणालो, "मला भीती आत्ताच वाटतेय."

"कुठे?"

साखळीची म्हणून दाखवलेल्या जागेच्या जरा अलीकडे मी बोट टेकवलं. काकूंनी आपला फुटाणा सरकवत माझ्या बोटाशी आणला.

"मलाही तिथेच वाटते," त्या म्हणाल्या. "तिथे आपण थांबू, ने."