विनंती मान्य झाली, हे कळायला हवं

सुनंदाताई चौगुले यांची आणि माझी पहिली भेट सांगलीत झाली, आणि त्या भेटीत त्यांनी मला माझ्याच आईला फोन लावायला सांगितलं.

आम्ही सात-आठ जण दर रविवारी एका छापखान्याच्या माडीवर जमत असू. ‘शिवार’ नावाचं एक छोटं समाजमाध्यम आम्ही आमच्याच सर्व्हरवर, म्हणजे सगळा मजकूर साठवून तो सर्वांना पोहोचवणाऱ्या संगणकावर, हौसेने चालवत होतो. जगात असे पुष्कळ लहान लहान सर्व्हर आहेत. ते कुणा एका कंपनीच्या मालकीचे नाहीत, प्रत्येकाचा कारभार वेगळा. तरीही एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाला फॉलो करू शकतो, त्याचं लिहिलेलं वाचू शकतो. सुनंदाताई पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका लिहिण्याचं काम करत. सासऱ्यांच्या आजारपणात ती नोकरी सोडून त्या सांगलीला आल्या, आणि त्यांच्या पश्चात एका रविवारी आमच्या माडीचा जिना चढून आल्या. म्हणाल्या, “मला लिहिता येतं. तुमच्याकडे लिहिण्यासारखं काही आहे का?”

मी त्यांना फॉलो म्हणजे काय ते समजावू लागलो. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “हे तुमच्या आईला सांगायचं झालं तर कसं सांगाल?”

“आई कडेगावला असते.”

“मग फोन लावा की.”

मी लावला. स्पीकर सुरू होता. “आई, समजा तुला कुणी फॉलो केलं, म्हणजे तुझ्या मागे...”

“माझ्या मागं कोण लागलंय रं? आन् कशापायी?” आईने घाबरून विचारलं. माडीवर हशा पिकला. सुनंदाताईंनी माझ्या हातून फोन घेतला. त्या इस्लामपूरकडच्या शेतकरी जैन घरातल्या. पुण्यात इतकी वर्षं काढूनही बोली विसरल्या नव्हत्या.

“आवं आक्का, कुणी मागं न्हाई लागलं. तुमची भैन लांब ऱ्हाती असं समजा. तिच्या घरी काय चाललंय ते तुमाला आपसूक कळत ऱ्हावं, म्हणून तुमी तिला इचारलं. तिनं व्हय म्हटलं, की कळाय लागलं. एवढंच हाय.”

“मग फोनच का न्हाई करायचा?”

“त्यो बी करावा की. पर कायकाय माणसांना फोन करवत न्हाई.”

आई म्हणाली, “व्हय. त्ये बी खरं हाय.” त्या दिवसापासून आमच्या कामाचं लेखन सुनंदाताईंकडे आलं.

ताईंच्या साठीनिमित्त निघालेल्या या गौरवग्रंथाच्या वाचकांपैकी अनेकांना त्यांचं काम नेमकं काय, हा प्रश्न पडत असेल. मोबाइलवरचं ॲप आणि दूर कुठेतरी असलेला सर्व्हर एकमेकांशी बोलतात. त्या बोलण्याचे ठरलेले नियम असतात, त्यांना एपीआय म्हणतात. हे नियम कुणीतरी स्वच्छ शब्दांत लिहून ठेवले नाहीत, तर ॲप बनवणारा अंदाजाने बनवतो, आणि त्याचा अंदाज चुकला की त्रास वापरणाऱ्याला होतो. सुनंदाताई हे नियम लिहितात, आधी मराठीत आणि मग इंग्रजीत. मूळ सॉफ्टवेअर परदेशातली स्वयंसेवक मंडळी तयार करतात. तीही आज ताईंनी लिहिलेली पानं वापरतात.

लिहिण्याआधी वापरणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसायचं, ही त्यांची पद्धत. फॉलोच्या थेट सूचनांचं पान लिहायला घेतलं तेव्हाही त्यांनी तेच केलं. थेट सूचना म्हणजे, फोन खाली न ठेवता लाइन चालूच ठेवावी, तसं ॲप सर्व्हरशी जोडलेलं राहतं आणि काही घडलं की लगेच कळतं. कुणी फॉलो केलं, कुणी विनंती पाठवली, सगळं आपोआप पडद्यावर दिसतं. त्याविषयी तोवर चारच ओळी लिहिलेल्या होत्या, आणि त्या पुरेशा आहेत असं आम्हा सर्वांना वाटत होतं.

त्या सुमारास म्हसवडच्या एका शाळेच्या वर्गात आम्ही लोकांना ‘शिवार’ शिकवायला गेलो होतो. तिथे घोंगड्यांचा व्यापार करणारे एक गृहस्थ मागच्या बाकावर बसले होते. सगळे त्यांना आप्पा म्हणत. त्यांना वापर चांगला येत होता, त्यामुळे ते का आले आहेत हे मला कळेना. सुनंदाताई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

“आप्पा, तुमाला तर सगळं येतंय की.”

“येतंय वं. पर एक इचारायचं हुतं.” त्यांनी फोन पुढे केला. “ही माझी ल्येक. बेंगळुरात असती. तिनं तिच्या मनानं लगीन केलं, तवा मी लय बोललो तिला. बोलू न्हाई त्ये बोललो. आता फोन करायचं त्वांड न्हाई मला. म्हणून हितनं इनंती धाडली. कवाची धाडलीया. आजून ‘विनंती पाठवली’ असंच दिसतंय. म्हंजी तिनं न्हाईच म्हटलं, असंच समजायचं न्हवं?”

“मला ठाऊक न्हाई आप्पा,” ताई म्हणाल्या. “पर मी बघून सांगते.”

सांगलीला परतल्यावर त्यांनी टेबलावर दोन फोन ठेवले. एक आमच्या सर्व्हरवरचा, दुसरा, आप्पांच्या मुलीच्या खात्यासारखा, बाहेरच्या म्हणजे भलत्याच देशातल्या सर्व्हरवरचा. इकडून विनंती पाठवली, तिकडून मान्य केली. इकडचा पडदा जसाच्या तसा राहिला: विनंती पाठवली आहे. मग दोन्ही फोन आमच्याच सर्व्हरवर घेऊन तेच केलं, तेव्हा पडदा लगेच बदलला. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि पुन्हा सगळं करून दाखवलं. दुसऱ्या सर्व्हरवरून आलेला होकार आमच्या सर्व्हरपर्यंत पोहोचत होता, पण तिथून पुढे फोनला कुणी कळवत नव्हतं. आणि आमचं ॲप थेट सूचनेवर विसंबून स्वतःहून पुन्हा विचारत नव्हतं, त्यामुळे समोरच्याचं लिखाणही दाखवत नव्हतं.

“म्हणजे आप्पांच्या मुलीने कदाचित केव्हाच होकार दिला असेल,” मी म्हणालो. “सर्व्हर माझ्याच ताब्यात आहे, ताई. आत्ता उघडून बघतो.”

“नको.”

“का? एका मिनिटाचं काम आहे.”

“बापलेकीतलं आहे ते. होकार असो, नकार असो, तो आप्पांच्या आधी आपल्याला कळता कामा नये.” त्यांचा आवाज मृदूच होता, पण त्यात वादाला जागा नव्हती. सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाने काय पाहायचं आणि काय पाहायचं नाही, याचा आमच्या मंडळाचा नियम पुढे आम्ही लिहून काढला. तो त्या एका वाक्यातून आला आहे.

त्यांनी त्याच दिवशी पानावर स्पष्ट लिहिलं की, दुसऱ्या सर्व्हरवरच्या व्यक्तीने विनंती मान्य केली तर सध्या थेट सूचना येत नाही. परदेशातल्या मुख्य मंडळींनाही कळवलं. तिकडून सौजन्याचं उत्तर आलं. हे आम्हाला ठाऊक आहे, घाई नाही, ॲपमधून पूर्ण बाहेर पडून, म्हणजे लॉगआउट करून, पुन्हा आत आलं की दिसतं, असा त्याचा आशय होता. ताईंनी उलट लिहिलं, “आपल्याला नकार मिळाला असं ज्याला वाटतं, तो पुन्हा आत कशाला येईल?” मग ते उत्तर लिहिणाऱ्या तिकडच्या गृहस्थांनी स्वतःच ती दुरुस्ती हाती घेतली आणि पूर्णही केली. आज जगातल्या कुठल्याही लहानशा सर्व्हरवर कुणी लांबच्या माणसाची विनंती मान्य केली, तर विनंती पाठवणाऱ्याला ते तत्काळ कळतं. त्यामागे सांगलीतल्या एका बाईंचा एक प्रश्न आहे, हे बहुतेकांना माहीत नाही.

पण त्या दुरुस्तीला वेळ लागणार होता, आणि ताई तोवर थांबणाऱ्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीने म्हसवडला गेलो. मी म्हटलं होतं, फोनवर सांगू. त्या म्हणाल्या, “आणि नकार निघाला तर? तेव्हा त्यांच्याजवळ कुणी असायला नको का?”

सिद्धनाथाच्या देवळापासून थोड्याच अंतरावर आप्पांचं घर. पत्नीच्या पश्चात ते एकटेच राहतात. ताईंनी त्यांना समोर बसवून सगळं नीट सांगितलं. दोष यंत्राचा आहे, त्यांनी पाहिलं ते चित्र शिळं असू शकतं, पण खरं उत्तर काय आहे ते आम्हालाही माहीत नाही. “व्हय असंल, न्हाई असंल. बघायचं का न बघायचं, ते तुमी ठरवा. आमी बसलोय हितं.”

आप्पा उठले, पाणी प्यायले, पुन्हा येऊन बसले. एकदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. ताईंनी घाई केली नाही. घोंगडीच्या लोकरीविषयी, मेंढरांच्या कातरणीविषयी विचारत राहिल्या. मला बस चुकेल अशी काळजी लागली होती. अखेर आप्पांनीच फोन ताईंच्या हाती दिला. “तुमीच करा. माझ्यानं न्हाई व्हायचं.”

ताई ॲपमधून बाहेर पडल्या, पुन्हा आत गेल्या, आणि स्वतः न पाहता फोन आप्पांकडे वळवला.

मुलीने होकार दिलेला होता. विनंती पोहोचल्याच दिवशी दिला असावा, कारण त्या दिवसापासूनचं तिचं सगळं लिखाण आणि सगळी छायाचित्रं तिथे होती. पहिल्याच छायाचित्रात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ होतं. आप्पांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

“आवं ताई,” ते म्हणाले, “ही तर माझ्या आयसारखी दिसती.”

बाळ पालथं पडलेलं, बसायला लागलेलं, पहिला दात दाखवणारं, असं एकेक चित्र ते पाहत गेले. चित्राखाली ओळी होत्या. एका ठिकाणी मुलीने लिहिलं होतं, ‘घरचं कुणी बघतंय का, माहीत नाही.’ तेव्हा आमच्या ध्यानात आलं की तिकडे तीही तेच समजून बसली होती. वडिलांना सगळं दिसतंय आणि तरी ते एक शब्द लिहीत नाहीत, असं तिला वाटत होतं.

“काय लिवू?” आप्पांनी विचारलं.

“काय लिवू नका. नुसतं आवडलं म्हणून दाबा.”

त्यांनी बाळाच्या पहिल्या चित्रावर बोट ठेवलं. क्षणभराने पडद्यावर एकच शब्द उमटला: ‘आप्पा?’ आणि लगोलग फोनच वाजला. आम्ही उठून बाहेर आलो. आतून आप्पांचा मोठा आवाज ऐकू येत होता, “आगं आत्ता दिसलं मला! आत्ता! न्हाईतर मी गप बसलो असतो व्हय?”

परतीच्या बसला उशीर झाला आणि वाटेत सूर्य मावळला. सुनंदाताई सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, हे आम्हा सर्वांना ठाऊक. डबा पिशवीत तसाच होता. मी हळहळलो, तर म्हणाल्या, “आज पोट भरलंय माझं,” आणि खिडकीला डोकं टेकून झोपी गेल्या.

कामाइतकीच त्यांची माया मोठी. माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन सांगलीत करायचं ठरलं, तेव्हा मी लॉजची चौकशी करत होतो. ताईंनी मला न विचारता आईला घरी नेलं. डोळ्यात औषध घालणं, वेळेवर चहा, सगळं स्वतः केलं. मी आभार मानायला गेलो तर आई म्हणाली, “तू जा रं. आमचं बोलणं चाललंय.” ती अजूनही वर्षातून एकदा कडेगावहून गुळाची ढेप घेऊन त्यांच्याकडे मुक्कामाला जाते, आणि माझ्याकडे धावती भेट देते.

ताई रागावतातही. ‘सोपं आहे’, ‘उघड आहे’, ‘फक्त एवढंच करा’ हे शब्द कुणी पानात लिहिले तर त्या लाल रेघ मारतात. वाचणाऱ्याला ते सोपं वाटलं नाही तर तो स्वतःला कमी समजेल, असं त्यांचं म्हणणं. आमच्यातल्या अनेकांची भाषा या लाल रेघांनी सुधारली, आणि थोडाफार स्वभावही.

ताईंनी या वर्षी साठी पूर्ण केली. त्यांचे यजमान शांतिनाथराव यांना अलीकडे कमी ऐकू येतं. रोज सकाळी दोघं कृष्णेच्या घाटावर फिरायला जातात आणि ताई त्यांना पेपरातल्या बातम्या, नातवाच्या खोड्या, आमच्या रविवारच्या गमतीजमती मोठ्या आवाजात सांगतात. एक गोष्ट दोनदा, तीनदा सांगावी लागली तरी कंटाळत नाहीत. शांतिनाथराव हसले, की मगच पुढची पायरी उतरतात. सुनंदाताईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, आणि घाटावरचा त्यांचा तो मोठा आवाज आम्हाला लांबूनच पुष्कळ वर्षं ऐकू येत राहो.