विमानाच्या पंखावर आईची लोकर

दौंडच्या फलाटावर बाबांनी टोपी काढली आणि मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. ते शिरूरच्या मिशनच्या शाळेत मास्तर. प्रार्थना आटोपती घेणं त्यांना कधी जमलंच नाही. 'आमेन' म्हणेपर्यंत गाडी हलली आणि मी धावत डबा गाठला. खिडकीशेजारून चालत बाबा ओरडले, "एकच वर्ष हां! शाळेत तुझी मास्तरणीची जागा राखून ठेवलीय." साठचं दशक नुकतं लागलं होतं. मुलीला एकटीला बंगळूरला धाडलं म्हणून शिरूरात बाबांना बोल लावणारे कमी नव्हते.

बंगळूरच्या विमानांच्या लॅबमध्ये माझं काम वाऱ्याचं. लांब बोगद्यातून मोठ्या पंख्यानं वारा खेचायचा, मध्ये विमानाच्या पंखाचं मॉडेल, आणि त्यावर चिकटवलेले लोकरीचे बारीक धागे. वारा पंखाला धरून वाहिला की धागे निजून राहतात. पंख जास्त तिरपा केला की मागच्या बाजूला वारा पंखापासून सुटतो, घोटाळतो, आणि तिथले धागे फडफडत उलटे फिरतात. तो नेमका कुठं सुटतो, ते मला शोधायचं होतं.

लोकर मी हट्टानं आईकडून मागवली. तिनं लोकरीला दुहेरी पीळ घातला, वर मेण लावलं आणि निरोप धाडला, "विमानाचा दोरा हाय, तुटाया न्हाई पायजे." धागे असे ताठ झाले की पंख कितीही तिरपा करा, ढिम्म हलेनात. आमच्या साहेबांनी कपाळाला हात लावला. मी आधी खूप हसले आणि मग पीळ उलगडता उलगडता रडले.

वर्ष सरलं आणि बाबा मला न्यायला आले. माझे प्रयोग अर्ध्यावर होते, पण त्यांच्यापुढं तोंड उघडायची हिंमत कुणाची? मी ट्रंक भरली. निघायच्या आधी त्यांना बोगद्याच्या काचेपाशी उभं केलं आणि पंख हळूहळू तिरपा केला. पुढचे धागे शांत, मागचे सैरभैर. बाबा बराच वेळ बघत राहिले.

"असं का होतं गं?"

"अजून पुरतं कुणालाच कळलं नाही, बाबा."

स्टेशनवर हमाल माझी ट्रंक उचलायला वाकला, तेव्हा बाबांनी त्याला थांबवलं. "ती ऱ्हाऊ दे," ते म्हणाले आणि माझ्याकडं न बघता पुढं बोलले, "शाळेसाठी दुसरी बाई बघाया सांगतो."

पुढचं आयुष्य इथं बंगळूरलाच गेलं. तुम्ही शिरूरात मागं राहिलेले आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले, सगळेच विचारता, घर कुठलं म्हणून. इतक्या लांबून मला न्यायला आलेला माणूस त्या दिवशी एकटाच परतीच्या गाडीत बसला. तेच माझं घर.