बाभळीच्या बियांवरचं दूध

शेंगामावशी शेळीला जे घालायची, ते आधी स्वतः चावून बघायची. पेंडीचा तुकडा असो, तुरीचं भुसकट असो की बोरीचा पाला, आधी तिच्या दाढेखाली जायचं, मग टोपल्यात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईचं डोकं जरा फिरलेलं आहे. मी तसं विचारलंही, जरा सभ्य शब्दांत. ती म्हणाली, "तिला बोलता येत न्हाई बाई. मग तिच्या वतीनं कुनी सांगावं?"

पिंगळीजवळच्या त्या गावात मी आले ती शाळामास्तरांची बायको म्हणून. निजामी संपून शाळेत मराठी आली आणि मराठीबरोबर आमचे मास्तर. शेजारचं घर मावशीचं. नवरा वारलेला, मुलगा सखाराम दुसऱ्याच्या मेंढरांमागे रानोमाळ, आणि दावणीला सात शेळ्या. उन्हाळाभर ती बाभळीखाली पडलेल्या वाळक्या शेंगा गोळा करायची, म्हणून हे नाव. तिचं खरं नाव मी कधी विचारलं नाही, याची आता लाज वाटते.

गाव तिला हसायचं ते मात्र बियांसाठी. शेळ्या शेंगा खातात आणि रवंथ करताना टणक बिया तोंडातून टाकून देतात. मावशी रोज सकाळी गोठा झाडून त्या बिया वेचायची, धुऊन भिजत घालायची, शिजवायची, तपकिरी कडू पाणी फेकून द्यायची आणि वाळवून उखळात कांडायची. मग जोंधळ्याच्या कण्या आणि चिमूटभर मीठ मिसळून तेच पुन्हा शेळ्यांपुढे. सरकी आणि पेंड ज्याच्या त्याच्या बैलांनाच पुरत नव्हती. शेळीला खुराक ही कल्पनाच लोकांना चैनीची वाटे. "बकरीचं उष्टं बकरीलाच घालायलीस व्हय?" असं कुणी म्हटलं की ती शांतपणे म्हणायची, "घालायले की. सगळा कस त्या बीतच हाय."

लेक चार महिन्यांची असताना मला मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण अंगावरचं दूध गेलं ते गेलंच. फाल्गुन सरत आला होता, गावातल्या गाई-म्हशी आटलेल्या. लेकरू भुकेने रडायचं, मग त्याचं रडणंही बारीक झालं, आणि मास्तर माझ्याकडे बघायचं टाळू लागले. मावशी न बोलावता आली. पोरीला पाळण्यातून उचलून म्हणाली, "आजपासून भुरीचं दूध हिचं. दुसऱ्या कुनाला न्हाई." भुरी ही तिची सगळ्यात दुधाळ शेळी. तिच्या करडांना मावशी कण्यांची पेज पाजू लागली.

मला जरा बरं वाटू लागलं तशी आपणही काहीतरी करावं असं मनात आलं. मावशी रानात गेली होती. मी काठीने बाभळीच्या हिरव्यागार शेंगा पाडल्या आणि ओटीभर भुरीला चारल्या. ताजं ते चांगलं, एवढंच आमचं परभणी शहरात वाढलेल्यांचं शहाणपण. दुसऱ्या दिवशी भुरीने चारा सोडला आणि दूध निघालं ते पळीभर. मी रडत रडत कबूल केलं. मावशी रागावली नाही. तिने एक हिरवी शेंग मोडून माझ्या तोंडात दिली आणि चावायला लावली. जीभ, टाळू, सगळं आखडून आलं.

"बांधलं का न्हाई तोंड? तिचं पोट तसंच बांधलंय. कवळ्या शेंगंत लय तुरटपना असतो. झाडानं आपसूक टाकली तीच शेंग आपली."

तीन दिवस ती भुरीपाशी बसून होती. गुळाचं कोमट पाणी पाजायची, पोट चोळायची. ते तीन दिवस बाकीच्या शेळ्यांच्या थानांतलं, त्यांच्या करडांच्या वाटचं दूध माझ्या लेकीच्या पोटात गेलं. चौथ्या दिवशी भुरी रवंथ करू लागली. शिजवलेल्या बियांचा खुराक पुन्हा सुरू झाला, हळूहळू दूध वाढलं, आणि ज्येष्ठ लागला तेव्हा लेकीच्या दंडाला वळ्या पडल्या होत्या. त्या वळ्या मावशी मोजायची आणि दृष्ट लागेल म्हणून एक कमी सांगायची.

दोन वर्षांनी मास्तरांची बदली ताडकळसला झाली. लांब काहीच नव्हतं. बाजाराच्या दिवशी सखाराम यायचा आणि आईचा निरोप सांगायचा. लेकरू बोलतंय का? जेवतंय का? पुढे पुढे एकच निरोप येऊ लागला, "एकदा दाखवा म्हनावं." मी दर वेळी म्हणायचे, येते. मग दुसरं बाळंतपण, सासूबाईंचं आजारपण, मास्तरांची शाळा. पाच वर्षं मी येते येतेच म्हणत राहिले. एका बाजाराला सखाराम आला तो डोकं भादरून.

तेव्हा मात्र दुसऱ्याच दिवशी लेकीला घेऊन गेले. गोठा जवळजवळ रिकामा होता. "समद्या इकल्या," सखाराम म्हणाला. "ही एक आईनं इकू दिली न्हाई. म्हनायची, मास्तरीणबाईची पोरगी यायलीय, एक तरी दुधाची राहू दे."

त्याने धार काढून पेला लेकीपुढे धरला. सात वर्षांची माझी लेक. तिने नाक मुरडलं, "वास येतो," म्हणाली आणि पेला परत सारला. तिला बोलायला माझं तोंड नव्हतं. मी तो पेला घेतला आणि सखारामकडे पाठ करून संपवला.