आढं चढलं त्या दिवशी

इओसेफोला कोणी वाईट माणूस म्हणणार नाही. ऑकलंडच्या मटणाच्या कारखान्यात बावीस वर्षं राबून तो सवाईई बेटावर, आपल्या गावी परतला, तो एकाच कामासाठी. त्याच्या आईला, सेउलाला, जुन्या पद्धतीचं गोल घर हवं होतं. पत्र्याच्या खोलीत तिचा जीव घुसमटायचा. चारी बाजूंनी उघडं घर असावं, येणाऱ्याजाणाऱ्याला आत बोलवावं, आणि मरेन तेव्हा शेवटच्या दर्शनाला मला तिथेच ठेवावं, एवढंच तिचं मागणं. मुलानं ते मनावर घेतलं. इथपर्यंत सगळं छान होतं.

पण तिकडे राहून त्याला कागदाचं वेड लागलं होतं. ऑकलंडला एका ठेकेदाराने त्याच्या स्वयंपाकघराचं काम अर्धवट टाकून त्याला चांगलंच गंडवलं होतं. त्यामुळे आलापती मिस्त्री बोलणी करायला आला, तेव्हा सेउलाने स्वतः विणलेली बारीक चटई त्याच्यापुढे ठेवली आणि इओसेफोने त्या चटईवर कागद ठेवला. खांब किती, वासे किती, कोणत्या टप्प्याला काय द्यायचं, शाकारणी कधी संपणार, झाडून सगळी कलमं! आता आमच्याकडे मिस्त्रीशी असं कोणी बोलतं का? त्याने चटई घेतली की ठरलं. पुढे त्याला पोटभर जेवू घालायचं, त्याचं मन ओळखून द्यायचं, आणि तोही तुमचं मन ओळखून बांधतो. आलापतीने कागद उलटासुलटा केला, हसला आणि सही केली. तुझं समाधान होत असेल तर होऊ दे, म्हणाला.

काम मात्र देखणं चाललं होतं. एक खिळा नाही, सगळं काथ्याच्या दोरीने आवळलेलं. छपराच्या माथ्याचं आढं चढलं त्या दिवशी मिस्त्री आणि त्याची माणसं खाली उतरली, हातपाय धुऊन ओळीनं बसली. आढं चढलं की यजमानाने डुक्कर भाजायचं, एक चटई द्यायची आणि उभं राहून कामाची तारीफ करायची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इओसेफोलाही ठाऊक होतं, हेच तर दुखणं. सेउला मागून हळूच म्हणाली, "अरे, माझ्याकडे एक चटई आहे. ती दे आणि दोन शब्द बोल." पण ह्याच्या डोक्यात तो ठेकेदार बसलेला. आज एक जास्तीचं दिलं तर उद्या दुसरं मागतील.

"मिस्त्री, हे कागदात नाही," तो म्हणाला.

आलापतीने हत्यारं पिशवीत भरली. माणसं उठली आणि त्याच्या मागोमाग गेली.

एका मिस्त्रीने असं सोडलेल्या घराला दुसरा हात लावत नाही. इओसेफो अख्खं बेट हिंडला. जो तो त्याला जेवू घालायचा आणि आलापतीचं नाव निघालं की विषय बदलायचा. कागद घेऊन तो गावच्या पंचांकडेही गेला. त्यांनी तो मन लावून वाचला आणि त्याला चहा पाजला. आई रोज सांगायची, चटई डोक्यावर घे, माफी मागायला त्याच्या दारात जाऊन बस, तो तुला लगेच उठवेल. इओसेफो म्हणायचा, काम सोडून तो गेला, मी का बसू? असं म्हणता म्हणता तीन वर्षं गेली, उघडे वासे काळे पडले, आणि सेउला गेली ती त्या पत्र्याच्या खोलीतच.

आलापती मयताला आला, हातात चटई घेऊन. तेव्हा कुठे इओसेफोची अक्कल ठिकाणावर आली. घरातली एक चटई डोक्यावर ओढून तो अंगणातच म्हाताऱ्या मिस्त्रीपुढे बसला. आलापतीने ती बाजूला सारून त्याला उठवलं.

"तीन वर्षं मी दुसरं मोठं काम घेतलं नाही, पोरा. रोज वाटायचं, आज येशील. डुकराचं काय, माझ्याच घरी चार आहेत. आढं बरं बसलंय एवढं म्हणाला असतास, तरी मी पुन्हा शिडी चढलो असतो."

"आता चढा," इओसेफो कसाबसा म्हणाला. "हवं ते देतो."

"चढतो की. महिन्याभरात शाकारून देतो." म्हाताऱ्याने दारातून आत, सेउलाकडे पाहिलं. "पण तोवर आईला कुठं थांबवून ठेवशील?"

दफन दुपारी होतं. इओसेफोने डोळे पुसले आणि आईला उचलायला तो पत्र्याच्या खोलीत गेला.