महेशच्या नावाची मूठ

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, महेशला तर नाहीच. देवीला ठाऊक असणार — पण तिच्यासमोरही मी हात जोडले, गाणी म्हटली आणि सटकलो. आज तुम्हाला सांगतो. हसू नका. किंवा हसा, मधेमधे हसण्यासारखंही आहे.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. सिल्वासाला किलवणी नाक्याजवळच्या चाळीत राहतो — मी, महेश आणि वडील गेल्यापासून आई. महेश खानवेलचा, वारली. एकाच यार्न कंपनीत आम्ही पॅकिंगला होतो, तिथे जमलं. जमलं म्हणजे — आता लाजायचं कशाला? माझं प्रेम आहे त्याच्यावर. चाळीत मात्र तो माझा रूम पार्टनर. कुठला रूम पार्टनर कुणाच्या आईच्या गुडघ्यांना रोज तेल चोळून देतो हो? चाळीला काय कळायचं ते कधीच कळलं असेल, मीच आपला तो शब्द धरून बसलेला.

आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. नारळाची देवी, नाकात नथ, पुढ्यात गाणी, दुसऱ्या सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जन. मला तिचं लहानपणापासून वेड. बायकांच्या फुगडीत घुसणारा गावातला एकुलता एक पोरगा मी, आणि आईने मला कधी हाताला धरून बाहेर काढलं नाही. आपला जीव पुरुषांवर जडतो हे कळलं, तेव्हा पहिली भीती लोकांची नव्हती — कानबाई आता आपल्याला जवळ करेल का, ही होती.

या देवीचे रोट असतात. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू नि हरभऱ्याची डाळ सुपात टाकायची. ते दळून पुरणपोळ्या होतात, आणि त्या फक्त घरच्यांनी, भाऊबंदांनी खायच्या. बाहेरच्याला कणही द्यायचा नाही. म्हणजे सुपात मूठ कुणाची पडली, त्यावरून घरचा कोण ते देवीपुढे ठरतं.

सिल्वासातली आईची ती पहिली कानबाई. महेश पाणी आणायला गेलेला. आई सुपापुढे बसली होती — काकांचं नाव झालं, चुलतभावाचं झालं, माझं झालं. मग तिने आणखी एक मूठ भरली, सुपावर धरली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "त्याना नावनी मूठ टाकू का?"

किती सरळ विचारलं होतं तिने! आणि मी — काय केलं असेल मी? वापीहून काका यायचे होते. नाव घेतलं की नातं विचारतील, ही धास्ती. नको, तो बाहेरचा, असं म्हणालो. आईने मूठ परत डब्यात सोडली आणि सूप उचललं.

एवढंच असतं तर भित्रेपणा म्हणून मीही विसरलो असतो. पण पंगतीच्या वेळी महेश हात धुऊन आला, तेव्हा त्याला बाजूला घेऊन मी सांगितलं — आई नको म्हणतेय. मी वारली म्हणून का, असं त्याने विचारलं. मी काय उत्तर दिलं? काहीच नाही. खाली बघत राहिलो. त्याने समजायचं ते समजून घेतलं.

त्यानंतर दर कानबाईला तो तोरणं बांधायचा, गाण्यांना टाळ्या द्यायचा आणि रोटांच्या वेळी खानवेलची बस धरायचा. आईच्या गुडघ्यांना तेल लावणं मात्र त्याने सोडलं नाही. त्याच्या घरी नवा भात आला की त्याची आई मला ओढून पहिल्या पंगतीला बसवायची — आणि मी बसायचो. आग्रह झाला तर दोनदा वाढून घ्यायचो. निर्लज्ज, दुसरं काय!

यंदा आईचा हात थरथरतो म्हणून मूठ टाकायला तिने महेशलाच बसवलं. मी बाजारातून येऊन दारात उभा, हातात भोपळा. ती नावं सांगत होती, तो टाकत होता. माझं नाव झालं आणि आई म्हणाली, "आते तुना नावनी टाक."

महेश थांबला. "आई, मी वारली म्हणून तुम्हीच नको म्हणाला होता ना?" रागाने नाही, अगदी शांतपणे.

"कोन म्हनस तू बाहेरना शे?" आई म्हणाली, आणि मग तिची नजर माझ्यावर आली. तिला कळायला कितीसा वेळ लागणार? पोटचा पोर मी. ती महेशकडे वळली. म्हणाली, हो, तिचंच चुकलं, अडाणी बाईची चूक, मनात ठेवू नको. त्याच्या हाताखाली आपला थरथरता हात धरून तिने मूठ भरवली आणि त्याचं नाव घेतलं, मोठ्याने, देवीला ऐकू जाईल असं.

मी तिथेच बोलायला हवं होतं. नाही बोललो.

आणि मग काय दिवस उगवला म्हणता! महेश पंगतीला आला तेव्हा काकांनी — ज्यांच्या धास्तीने मी हे सगळं केलं त्या काकांनी — ताट सरकवून त्याला शेजारी जागा केली. नातं? विचारलंच नाही. खानवेलला भाताची लावणी झाली का, तेवढं विचारलं आणि त्याच्या पोळीवर तूप ओतलं. दुसऱ्या सकाळी दमणगंगेकडे जाताना मी भर रस्त्यात महेशचे हात धरले आणि फुगडी घातली. त्याला कुठली येतेय! दोघेही चिखलात आपटलो, बायका पोट धरून हसल्या, मी हसता हसता रडलो. देवीने मला कधी टाकलंच नव्हतं. टाकलं होतं मी, महेशला.

तेव्हापासून महेश चाळीभर सांगत असतो, आईचं मन बघा केवढं, या वयात स्वतःची चूक कबूल केली. आई ऐकते आणि भाजी निवडत राहते. मला एका शब्दाने बोललेली नाही.

आत्ता ती बाहेर ओट्यावर बसलीय आणि महेश तिच्या गुडघ्यांना तेल लावतोय. हे लिहून झालं की तिथे जाऊन, दोघांसमोर, मोठ्याने वाचणार आहे.

आईने कधीच नको म्हटलं नव्हतं, महेश. तुझ्या नावाची मूठ तिने तेव्हाच भरली होती. ती परत डब्यात टाकायला लावली मी.