यंत्रासाठी पुरावा, माणसासाठी संशय

माझे थोरले बंधू, आमचे अण्णा, दिल्लीच्या एका सरकारी कचेरीत गुप्त संदेशांचे यंत्र चालवीत. त्यात साधा मजकूर घालायचा. बाहेर अर्थहीन अक्षरे पडत. त्या दिवसाची किल्ली ज्याच्याकडे असेल, त्यालाच ती पुन्हा वाचता येत. निवृत्तीनंतर ते कर्नाटक सीमेवरच्या चिटगुप्प्यात माझ्याच गल्लीत राहतात.

गेल्या महिन्यात त्यांनी मला मोबाइलवर एक बातमी दाखवली. परदेशातून विकलेल्या अशा काही यंत्रांत मुद्दाम कच्चा दुवा ठेवला होता, आणि तो ठाऊक असणारे त्यातले सगळे संदेश वाचत होते, असा आरोप होता. मी आयुष्यभर गणित शिकवले. आरोप म्हणजे सिद्धता नव्हे. अण्णांचे यंत्र त्यांतले होते की नाही, हे आम्हाला ठाऊक नाही. बहुधा कळणारही नाही.

"व्हय की," अण्णा म्हणाले, "पण त्या पोराची नौकरी तर गेलीच की."

ते पोर म्हणजे त्यांच्या हाताखालचा सहकारी, आमच्याच भागातल्या चिंताकी गावचा. कचेरीतले संदेश बाहेर फुटत असल्याचा संशय आला, तेव्हा चौकशीत अण्णांना विचारले: यंत्रात दोष असू शकतो काय? अण्णांनी 'नाही' लिहून सही केली. मग उरला माणूस. त्याच्या फोनवरच्या एका निरोपात चौकशीच्या साहेबांना सांकेतिक भाषा सापडली: "बिड्डा, ऊट झालं का? परेशान नको होऊ, हल्लू हल्लू ये."

आई लेकाला जेवलास का, असे विचारत होती; घाबरू नको, सावकाश ये, म्हणत होती. तेलुगू, कन्नड, मराठी, दखनी, सारे एका दमात. आमच्या औरादकडे कुणीही असेच बोलते.

"तुम्हाला तर ते बोलणं कळत होतं," मी म्हणाले. "कामून सांगितलं न्हाई?"

"मला यंत्राचंच इचारलं होतं."

विकणाऱ्यांनी खरोखर तसे केले असेल, तर ती फसवणूक आहे. पण मला अधिक चीड आली ती त्या चौकशीची. यंत्रावर शंका घ्यायला पुरावा हवा, आणि आईच्या मायेला गुन्हा ठरवायला नुसता संशय पुरे! सर्वांत मोठा राग मात्र समोर बसलेल्या माणसाचा होता.

अण्णांनी कचेरीला आणि त्या सहकाऱ्याला पाठवायचा कागद तयार केला होता: 'यंत्रात दोष असल्याचे आता समजते, सबब माझे तेव्हाचे मत...' मी लाल पेनने ती ओळ खोडली.

"हे काय करायलीस, मास्तरीणबाई? मुख्य तेच हाय!"

"न्हाई. यंत्राचं तुम्हाला आजही माहीत न्हाई. त्याच्या आईचं बोलणं मात्र तेव्हाच कळलं होतं. तेवढंच लिहा."

"मग समदं माझ्यावरच येतंय की."

"येऊ द्या."

मी कोरा कागद पुढे सरकवला. पहिली ओळ लिहायला त्यांना अर्धा तास लागला. परीक्षेच्या वर्गात उभी राहत असे, तशी मी शेजारी उभी राहिले. शब्द सुचवला नाही.